हिवाळ्यातली फुलांची सजावट: नाशिकमध्ये पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने

फुलांची सजावट स्वतः करायला शिकायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने सोडू नका. थंडीत गुलाब, शेवंती, कार्नेशन सगळं उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस टिकतं, कळी सावकाश उमलते, म्हणजे हात नवीन असला आणि मांडायला तुम्हाला दुप्पट वेळ लागला तरी फूल तोपर्यंत मान टाकत नाही. शिवाय आपल्याकडे जानोरी-मोहाडीचे गुलाब हाकेच्या अंतरावर, गावोगावी शेवंती आणि झेंडू, भांडी बाजारात पितळेची भांडी. मुघलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणायचे, ते उगीच नाही.

मी हे घरच्या कार्यक्रमांपासून सुरू केलं, मग ओळखीतल्यांची लहानसहान कामं करत गेले. नवीन लोक अडकतात ते फुलं लावताना नाही, त्याच्या आधी. मोबाईलवर मे महिन्यातल्या लग्नाचा फोटो बघतात आणि डिसेंबरमध्ये तीच फुलं शोधत बाजारभर फिरतात. म्हणून खालचा क्रम जसा दिलाय तसाच पाळा, फोटो बघायचं काम दुसऱ्या पायरीला आहे.

१. आधी कॅलेंडर उघडा

फुलाचा भाव सणावर आणि मुहूर्तावर चालतो, त्यामुळे तारीख ठरली की त्याच्या दोन दिवस मागे-पुढे काय आहे ते बघा.

मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरोघरी महालक्ष्मीचा घट, त्यामुळे बुधवारी संध्याकाळपासून सुटी फुलं, वेण्या, आंब्याच्या डहाळ्या सगळ्याचा भाव चढतो. तुमचा कार्यक्रम शुक्रवारी असेल तर पूजेला लागतात तीच फुलं (झेंडू, शेवंती) बुधवार-गुरुवारी घेऊ नका, मांडणी कट फ्लॉवरवर ठेवा, म्हणजे जरबेरा, कार्नेशन, ग्लॅडिओलस वगैरे. चंपाषष्ठीला खंडोबासाठी झेंडू जातो, दत्तजयंतीला हारांची मागणी. नाताळच्या आठवड्यात लाल-पांढरं आणि हिरवा पाला महाग. पौषात मुहूर्त कमी असतात तेव्हा भाव जरा खाली बसतात, सराव करायचा असेल तर हाच काळ, तेवढ्याच पैशात दुप्पट फूल येतं. माघात लग्नं परत सुरू होतात आणि त्यातच १४ फेब्रुवारी येते. त्या आठवड्यात लाल डच गुलाबाच्या नादी लागू नका, माल बाहेरगावी जातो आणि उरलेल्याचा भाव ऐकून धडकी भरते. पीच, पिवळा, पांढरा घ्या.

आता कुठलं फूल हिवाळ्याचं आणि कुठलं नाही.

शेवंती ही हिवाळ्याची राणी. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात, त्यामुळे दिवाळीपासून पुढे ती भरभरून येते. ग्लॅडिओलस, ॲस्टर, कार्नेशन, डॉग फ्लॉवर, स्टॉक, डेलिया यांनाही थंडी मानवते. पॉइंसेटियाचं तंत्र शेवंतीसारखंच, रात्री मोठ्या झाल्या की वरची पानं लाल होतात, म्हणून ते बरोबर नाताळला नर्सरीत दिसतं.

मोगरा मात्र उन्हाळ्याचा. डिसेंबरमध्ये "मोगऱ्याच्या माळांचा पडदा पाहिजे" असं नवरीकडच्यांनी सांगितलं तर आधीच समजावून सांगा, मिळाला तर महाग आणि कळी बारीक. त्याऐवजी कागडा मिळतो, दिसायला नाजूक आणि पांढराशुभ्र, वासाला मोगऱ्याइतका नाही. घरी कुंदाचा वेल असेल तर तोही याच दिवसांत फुलतो. निशिगंधाचंही तसंच, थंडीत उत्पादन घटतं आणि लग्नसराईत सगळ्यांना तोच हवा असतो, त्यामुळे तो मोजका, वासापुरता वापरा.

२. या हिवाळ्यात काय चाललंय, आणि त्यातलं आपल्याला काय जमतं

आता फोटो बघा. सध्या चार-पाच गोष्टी सगळीकडे दिसतात.

पहिलं म्हणजे रंग. लाल-सोनेरी आहेच, पण त्याच्या जोडीला विटकरी, वाइनचा गडद लाल, मळकट गुलाबी, तपकिरी असे रंग आलेत. २०२५ साठी पॅन्टोनने मोका मूस हा तपकिरी रंग वर्षाचा रंग म्हणून जाहीर केला त्यानंतर तर हा तपकिरी सगळ्या लग्नांच्या फोटोत घुसलाय. आपल्याकडे यासाठी वेगळं काही आणायला लागत नाही, विटकरी आणि गडद लाल शेवंती बाजारात असते, तिच्यात सुकलेलं गवत आणि पीच गुलाब घातला की झालं.

दुसरं, सुकी फुलं आणि गवतं. पंपास ग्रासचे मोठे तुरे ऑनलाइन येतात आणि महाग असतात. आपल्याकडे दसऱ्याच्या आसपास ओढ्याकाठी कास गवताला पांढरे तुरे येतात, ते पूर्ण पिंजायच्या आधी तोडून उलटे टांगून वाळवले आणि वर हेअर स्प्रे मारला तर तेच काम होतं. फक्त शेतकऱ्याला विचारून तोडा, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला अजिबात हात लावू नका, ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालंय. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भाताच्या लोंब्या, पेठ-सुरगाण्याच्या नागलीची कणसं, मालेगाव-येवल्याकडची कपाशीची बोंडं, हे सगळं याच दिवसांत निघतं. नागलीचं कणीस बोटं मिटल्यासारखं दिसतं, तपकिरी रंगाचं, गडद लाल गुलाबाशेजारी इतकं देखणं दिसतं की लोक हात लावून विचारतात हे काय आहे म्हणून.

तिसरं, वेलाची रिंग, म्हणजे दाराला लावायचं ते गोल तोरण. परदेशात नाताळला द्राक्षवेलीच्या काड्यांचं करतात. आणि आपण नाशिककर ते विकत आणतो! ऑक्टोबर छाटणीला बागेत काड्यांचे ढीग पडतात, बागलाणात तर अर्ली (लवकर माल काढायच्या) बागांची छाटणी त्याच्याही आधी होते. त्याची कृती पाचव्या पायरीत दिली आहे.

चौथं, फोमशिवाय मांडणी. फुलं खोचायचा तो हिरवा फोम, ज्याला सगळे ओएसिस म्हणतात, तो फिनॉलचं प्लास्टिक आहे, कुजत नाही, त्याचा भुगा पाण्यात जातो. त्यामुळे आता जाळी, पिनहोल्डर (उभ्या सुया असलेली जड चकती, तिच्यात दांड्या खोचायच्या), काचेच्या गोट्या वापरायची पद्धत परत आली आहे. मला हे मनापासून पटतं, कारण जाळीत फूल सरळ पाण्यात राहतं आणि दोन दिवस जास्त टिकतं, आणि तीच जाळी परत परत वापरता येते.

पाचवं, एकाच फुलाचा मोठा गुच्छ. दहा जातींची खिचडी करण्यापेक्षा फक्त पांढरी शेवंती किंवा फक्त कार्नेशन, भांडंभर. नवीन माणसाने सुरुवात इथूनच करावी, चुकायला जागाच कमी.

३. सामान

- सेकेटर (झाडं छाटायची कात्री) किंवा धारदार कटर (घरातली कात्री नको, ती दांडी चेंगरते आणि मग पाणी वर चढत नाही)
- दोन उंच बादल्या, साबणाने घासून स्वच्छ केलेल्या
- कोंबड्यांच्या खुराड्याची असते ती षटकोनी जाळी, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते
- पिनहोल्डर एक, परवडला तर
- बाइंडिंग वायर, हिरवी फ्लोरिस्ट टेप, पारदर्शक चिकटपट्टी, सुतळी
- भांडी: पितळेचं घंगाळ, तांब्या, कळशी, काचेच्या बरण्या
- भांड्याच्या आत बसतील असे प्लास्टिकचे डबे
- जुने पेपर, स्प्रेची बाटली, हातमोजे (गुलाबाच्या काट्यांसाठी आणि पॉइंसेटियाच्या चिकासाठी, तो चीक काहींच्या कातडीला खाजतो)
- फुलांचं फूड (फुलं टिकावीत म्हणून पाण्यात घालतात ते) मिळालं तर त्याची पाकिटं

कार्यक्रम हॉलमध्ये किंवा लॉन्सवर असेल तर सामानासोबत एक कागदही हवा: बुकिंगची पावती किंवा परवानगीचा मेसेज, ज्यात बाहेरची सजावट चालेल का, आत कधी सोडणार, मेणबत्त्या-पणत्या चालतात का, खिळे-टेप लावता येते का हे लिहिलेलं असेल. हे तोंडी विचारून थांबू नका, लिहून घ्या. सकाळी सातला गेटवर उभं राहिल्यावर वॉचमनला काही माहीत नसतं.

पितळ-तांब्याच्या भांड्यात फुलांचं फूड घातलेलं पाणी थेट ओतू नका, ते आंबट असतं, भांडं डागाळतं. म्हणून आत डबा.

४. खरेदी

सुटी फुलं गणेशवाडीच्या फुलबाजारात, आणि बुधवारी गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बाजारात डहाळ्या-पत्री. कट फ्लॉवर होलसेलवाल्याकडे जुडीने मिळतात: डच गुलाब साधारण वीसची जुडी, जरबेरा दहाची, कार्नेशन वीसची. घेण्याआधी मोजून घ्या आणि मधल्या दांड्या बघा, बाहेरच्या नेहमीच छान असतात.

लवकर जा. आणि थंडीत एक खास गोष्ट बघायची, ती म्हणजे ओल. पहाटेचं दव आणि वर पाणी मारलेलं असतं, पाकळ्या ओल्या असतात, तशाच पेपरात गुंडाळून डिकीत ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत पाकळीवर तपकिरी ठिपके आणि मग राखाडी बुरशी. द्राक्षवाल्या घरातल्यांना हे सांगायला नको, गारवा आणि ओल एकत्र आली की बुरशी येतेच. घरी आल्याबरोबर जुडी सोडा, झटका, सावलीत वाऱ्याला ठेवा.

गुलाब ताजा कसा ओळखायचा? कळीच्या बुडाशी, देठाजवळ दोन बोटांनी हलकंच दाबा. टणक लागली तर ताजी, मऊ लागली तर शीतगृहात बरेच दिवस काढलेली. दांडीचं टोक काळं-बुळबुळीत असेल तर सोडून द्या. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट-काळपट असतील तर घाबरू नका, त्या आतल्या फुलाचं रक्षण करतात, मांडायच्या वेळी काढून टाकायच्या.

थंडीत कळी उमलायला वेळ लागतो हे लक्षात ठेवून खरेदी करा. उन्हाळ्यात आदल्या दिवशी घेतलेला गुलाब दुसऱ्या दिवशी फुललेला असतो, जानेवारीत तोच घट्ट मिटलेला राहतो आणि टेबलावर नुसत्या कळ्या दिसतात. म्हणून हिवाळ्यात गुलाब आणि लिली दोन दिवस आधी घ्या, लिली तर तीन.

ग्लॅडिओलस घेताना खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसत असलेली दांडी घ्या. ती खालून वर फुलत जाते. शेंड्याच्या अगदी टोकाच्या हिरव्या कळ्या नखाने खुडून टाका, मग मधल्या नीट उमलतात. आणि ती आडवी ठेवू नका, शेंडा वरच्या दिशेने वळतो आणि एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही.

५. पाणी पाजणं आणि बांधणी

नवीन लोक ही पायरी गाळतात आणि मग "फुलवाल्याने शिळं दिलं" म्हणतात. बाजारातून आणलेलं फूल तहानलेलं असतं, त्याला आधी पाणी पिऊ द्यायचं, किमान चार-पाच तास, जमलं तर रात्रभर.

दांडीचं टोक बोटभर तिरकं कापा. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, कारण पान पाण्यात कुजलं की पाणी घाण होतं आणि दांडीची नळी बुजते. नाशिकमध्ये जानेवारीच्या सकाळी टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, त्यात गुलाब टाकला तर तो पाणी ओढायलाच वेळ लावतो, म्हणून गिझरचं थोडं मिसळून कोमट करा. कढत नको, हात घातल्यावर बरं वाटेल इतकंच. शेवंतीची पानं फुलाच्या आधी वाळतात, त्यामुळे वरची चार-पाच सोडून बाकीची काढा. कार्नेशन दोन गाठींच्या मध्ये कापायचं, गाठीवर कापलं तर पाणी चढत नाही.

जरबेऱ्याचं वेगळं. त्याची दांडी मऊ आणि लवदार, खोल पाण्यात कुजते. बादलीत तीन-चार बोटं पाणी पुरे. मान खाली पडत असेल तर आठ-दहा दांड्या पेपरात घट्ट गुंडाळून सरळ उभ्या ठेवा, दोन-तीन तासांत मान ताठ होते.

लिलीच्या कळ्या उघडायला लागल्या की मधले पराग टिश्यूने चिमटीत धरून काढा, पिवळे-कोरडे व्हायच्या आत. साडीवर पडले तर पाणी लावून चोळू नका, डाग बसतो, चिकटपट्टीने उचला. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, मांजरीला ती विषारी आहे.

पाण्यात नुसती साखर घालायचा सल्ला सगळे देतात. साखरेने जंतूही वाढतात. फूडच्या पाकिटात साखरेबरोबर आंबटपणा आणि जंतुनाशक असतं म्हणून ते चालतं. पाकीट नसेल तर साधं स्वच्छ पाणी, रोज बदललेलं, आणि दर दोन दिवसांनी टोक परत कापायचं, बस.

आता बांधणी.

घंगाळ किंवा तांब्या: आतल्या डब्यात जाळीचा सैल गोळा करून बसवा, वरून टेपची अधिक चिन्हासारखी पट्टी मारा म्हणजे तो उचकटणार नाही. पाणी भरा. आधी पाला लावा: कामिनी, निलगिरी, मोरपंखी, जे असेल ते, भांड्याच्या कडा झाकल्या जातील असा. मग मोठी फुलं, एकाच उंचीवर नको, काही खाली काही वर. मग गवत, लोंब्या, जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांच्या काड्या). उंची साधारण भांड्याच्या दीडपट. जेवणाच्या टेबलावर मात्र फूटभराच्या आत ठेवा, समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत.

फोम वापरायचाच असेल (लॉन्सच्या कमानीला कधीकधी पर्याय नसतो) तर त्याला पाण्यात दाबून बुडवू नका. पाण्यावर सोडून द्या, तो आपोआप पाणी पीत खाली जातो. दाबला तर वरून ओला दिसतो आणि मधे हवा अडकून कोरडा राहतो, नेमकं तिथेच फूल खोचलं जातं. आणि एकदा वाळलेला फोम परत पाणी धरत नाही, म्हणून मागच्या कार्यक्रमाचा तुकडा वापरू नका.

द्राक्षवेलीची रिंग: छाटणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी काड्या आणा, तेव्हा त्या लवचिक असतात. आधी धुवा, बागेवर फवारण्या झालेल्या असतात. पानं काढा, बाळ्या (ते कुरळे धागे) मात्र ठेवा, शोभा त्यांचीच. सगळ्यात लांब काडी घेऊन ताटाएवढं गोल करा, टोक त्याच गोलात दोन-तीनदा विणून घ्या. दुसरी काडी वेगळ्या जागेपासून सुरू करून पहिलीभोवती पिळत न्या. पाच-सहा काड्यांत रिंग घट्ट बसते, तारसुद्धा लागत नाही. काडी कडकड करायला लागली तर जोर लावू नका, तासभर कोमट पाण्यात भिजवा. दोन आठवडे सावलीत आडवी ठेवून वाळवा, वर वजन ठेवा म्हणजे पसरट राहते. मग नाताळला एका बाजूला मोरपंखी आणि सुरूची डहाळी, कपाशीची दोन बोंडं, लाल रिबन. संक्रांतीला तेच काढून गव्हाच्या किंवा नागलीच्या ओंब्या आणि पिवळी शेवंती. एक रिंग सगळा हिवाळा चालते, पुढच्या वर्षीही.

आणि हळदीकुंकवासाठी नाशिकची म्हणून एक मांडणी सुचवते. द्राक्षं. फुलांशेजारी फळं ठेवायची भीती असते आणि ती बरोबर आहे, पिकलेलं केळं, सफरचंद, पेरू यातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशन, ऑर्किड, जिप्सो लवकर मिटतात किंवा गळतात. पण द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, त्यातून इथिलीन नावापुरतंच निघतं. त्यामुळे घंगाळाच्या काठावरून काळ्या द्राक्षांचे दोन घड सोडलेत, मधे वाइन रंगाची शेवंती आणि पांढरा गुलाब, बाजूला उसाची दोन कांडी आणि सुगडं, तर फूलही टिकतं आणि बघणाऱ्याला कळतं की हे नाशिक आहे. फक्त शोभेला लावलेली द्राक्षं नंतर वाटू नका, बाजारातल्या गुलाब-शेवंतीवर औषधं मारलेली असतात. वाटायची वेगळी ठेवा.

६. थंडी कुणाला चालत नाही

"थंडीत फुलं टिकतात" हे ऐकून लोक तयार गुच्छ रात्री गॅलरीत किंवा फ्रिजमध्ये ठेवतात. गुलाब, कार्नेशन, शेवंतीला ते चालतं. अँथुरियम, ऑर्किड, हेलिकोनिया ही उष्ण प्रदेशातली, १२-१३ अंशांच्या खाली त्यांना थंडी बाधते, अँथुरियमवर निळसर-काळे डाग पडतात, ऑर्किडच्या पाकळ्या पाणी सुटल्यासारख्या होतात. नाशिकमध्ये रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर बघायलाच नको. ही फुलं घरात, आतल्या खोलीत. पॉइंसेटियाची कुंडीही रात्री आत घ्या.

फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर आतली फळं-भाज्या आधी काढा, तेच इथिलीनचं कारण.

७. लॉन्सवर मांडताना

गंगापूर रोडच्या बाजूला आणि द्राक्षबागांमध्ये हल्ली हिवाळ्यात भरपूर कार्यक्रम होतात. रात्रीच्या गारव्यावर भुलू नका, दुपारी ऊन कडक आणि हवा कोरडी असते, बाराला लावलेलं जिप्सो पाचपर्यंत वाळून गवत होतं. पाण्याशिवाय लावायची फुलं (माळा, कमानी) चारनंतर लावा. पाण्यातली भांडी आधी नेली तरी सावलीत ठेवा आणि गाडीतून नेताना अर्धंच पाणी भरा, बाकीचं जागेवर. नळ कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

पणत्या आणि पंपास, कास, कापूस हे एकत्र कधीच नको. सुकं गवत क्षणात पेटतं आणि वर हेअर स्प्रे मारलेला असतो. दोन्ही हवंच असेल तर बॅटरीच्या पणत्या लावा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि परत सांगेन.

रात्री आठनंतर दव पडायला लागतं, सुकी फुलं ओल धरून लोळतात, ती मंडपाच्या आतल्या बाजूला लावा.

८. झाल्यावर

दुसऱ्या दिवशी सगळं एका पोत्यात भरून गंगेत टाकायचं नाही. फुलं आणि पाला वेगळा करा आणि खताला द्या, निर्माल्य म्हणून जे असेल ते निर्माल्य कलशात. फोम, टेप, तार, रिबन खतात जाऊ देऊ नका. जाळी धुऊन वाळवून ठेवा, पिनहोल्डरच्या सुयांमधला कचरा जुन्या टूथब्रशने काढा, बादल्या साबणाने घासा, कारण मागच्या वेळची घाण पुढच्या फुलांची दांडी बुजवते. जिप्सो, लोंब्या आणि चांगले उरलेले गुलाब सुतळीने बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटे टांगा, हिवाळ्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन आठवड्यांत छान वाळतात आणि संक्रांतीच्या रिंगला कामाला येतात.